ग्राफिक्स कार्ड : निवड व शक्तिव्यय

संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या प्रतिमेची गणना करून तिचे मॉनिटरला ग्रहण करता येईल अशा संकेतात रूपांतर करणारा स्वतंत्र मंडलफलक म्हणजे ग्राफिक्स कार्ड होय. या फलकावर एक प्रक्रियक चिप, तिची स्वतःची स्मृती, विद्युत् दाबाचे नियमन करणारी मंडले आणि निर्माण होणारी उष्णता दूर करणारी हीट सिंक व पंखे यांची योजना केलेली असते. द्विमितीय व त्रिमितीय चित्रे रेखाटणे, चलत्‌चित्रांचे संकेतन व विसंकेतन करणे आणि एकाच प्रकारची गणितकृत्ये एकाच वेळी हजारो राशींवर करणे ही त्याची मुख्य कामे आहेत. वैयक्तिक संगणकात सर्वांत जास्त विद्युत् शक्ती घेणारा घटक बहुधा हाच असतो. त्यामुळे जुने कार्ड काढून नवे बसविणे ही केवळ वेगाची बाब राहत नाही. विद्युत् पुरवठा पेटी (बोलीत एसएमपीएस), पेटीतील हवेचा प्रवाह, खोलीचे तापमान आणि विजेचे देयक या सर्वांशी तिचा संबंध येतो. वेग वाढावा आणि शक्तिव्यय मात्र कमी व्हावा, या दोन अपेक्षा वरवर परस्परविरोधी वाटतात. तथापि चिपनिर्मितीच्या तंत्रात होत गेलेल्या सुधारणांमुळे त्या दोन्ही एकाच वेळी पूर्ण होणे पुष्कळदा शक्य असते. त्यासाठी नवे कार्ड कशाच्या जागी व कोणत्या यंत्रात बसवावयाचे आहे, याचा विचार आधी करावा लागतो.

इतिहास : आयबीएम कंपनीच्या १९८१ मधील वैयक्तिक संगणकाबरोबर जी चित्रदर्शक कार्डे मिळत, त्यांचे काम स्मृतीतील अक्षरे व ठिपके पडद्यावर पोहोचविणे एवढेच होते. गणना करणारा प्रक्रियक त्यांवर नव्हता व त्यांचा शक्तिव्ययही नगण्य होता. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचे व्हूडू हे केवळ त्रिमितीय चित्रणासाठी असलेले कार्ड आले. एनव्हिडिया कंपनीने १९९९ मध्ये जीफोर्स २५६ हे कार्ड विक्रीस आणताना ‘जीपीयू’ म्हणजे ग्राफिक्स प्रक्रिया एकक ही संज्ञा रूढ केली. पुढे कार्डाची शक्तीची गरज झपाट्याने वाढत गेली. २००४ पासून वापरात आलेल्या पीसीआय एक्सप्रेस या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळू शकतात. त्यांपैकी १२ व्होल्टच्या मार्गावर ५·५ अँपिअर म्हणजे ६६ वॉट व उरलेली शक्ती ३·३ व्होल्टच्या मार्गावरून मिळते. याहून अधिक शक्ती हवी असल्यास ती वेगळ्या तारेने एसएमपीएसमधून आणावी लागते. सहा पिनांच्या जोडणीतून ७५ वॉट, आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॉट आणि २०२२ पासून वापरात आलेल्या सोळा पिनांच्या जोडणीतून ६०० वॉटपर्यंत शक्ती देता येते.

२०१० मध्ये आलेल्या जीटीएक्स ४८० या कार्डाचा निर्देशित शक्तिव्यय २५० वॉट होता. त्याच्या उष्णतेविषयी व पंख्याच्या आवाजाविषयी त्या वेळी बरीच टीका झाली. २०२५ च्या आरंभी आलेल्या आरटीएक्स ५०९० चा आकडा ५७५ वॉट आहे. या दोन आकड्यांवरून ग्राफिक्स कार्डे उत्तरोत्तर अधिक वीज खाऊ लागली आहेत, असा समज सहज होतो. तो अर्धवट खरा आहे. सर्वांत वरच्या श्रेणीच्या कार्डाचा शक्तिव्यय वाढला, हे निर्विवाद आहे. परंतु तेवढेच काम करण्यास लागणारी शक्ती पिढीगणिक कमी होत आली आहे आणि जुन्या कार्डाऐवजी नवे घेणाऱ्या सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने हीच गोष्ट महत्त्वाची ठरते.

शक्तिव्ययाची कारणे : चिपमधील प्रत्येक ट्रँझिस्टर चालू-बंद होताना एक सूक्ष्म विद्युत् धारणा भारित व निर्भारित होत असते. या क्रियेत खर्च होणारी शक्ती ही धारणा, विद्युत् दाबाचा वर्ग व कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांची संख्या) यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. यांत विद्युत् दाबाचा वर्ग येतो, हे विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. समजा, एखाद्या चिपचा दाब १·०५ व्होल्टवरून ०·९० व्होल्टवर आणला आणि त्यासाठी कंप्रता ८ टक्क्यांनी कमी करावी लागली. दाबातील बदलामुळे शक्ती मूळच्या सु. ७३ टक्के होईल व कंप्रतेतील घटीमुळे ती सु. ६८ टक्क्यांवर येईल. म्हणजे वेगात ८ टक्के तोटा पत्करून शक्तीत जवळजवळ एकतृतीयांश बचत होते. याखेरीज ट्रँझिस्टर बंद असतानाही त्यांतून थोडी गळती होत असते. तिचे प्रमाण तापमानाबरोबर वाढते. त्यामुळे तापलेले कार्ड तेच काम करण्यास थंड कार्डापेक्षा थोडी अधिक वीज घेते.

ट्रँझिस्टर जितके लहान तितका त्यांना लागणारा दाब कमी व म्हणून दर चौरस मिलिमीटरमागे खर्च होणारी शक्ती स्थिर राहते, हे रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखविले होते. सु. २००५ पर्यंत हा नियम लागू पडत असे. त्यानंतर गळतीमुळे दाब फारसा कमी करता येईनासा झाला. तेव्हापासून केवळ आकार लहान करण्यावर न विसंबता चिपच्या अंतर्गत रचनेतच काटकसर शोधण्याकडे अभिकल्पकांचा कल झाला. याचे ठळक उदाहरण म्हणजे फेब्रुवारी २०१४ मध्ये आलेले जीटीएक्स ७५० टी-आय हे कार्ड होय. त्याच्या आधीच्या पिढीप्रमाणेच ते २८ नॅनोमीटर प्रक्रियेने बनविलेले होते, तरी केवळ ६० वॉटमध्ये चालत असे आणि त्याच्या मूळ आवृत्तीस वेगळ्या तारेची गरज नव्हती. कार्यालयातून निवृत्त झालेल्या साध्या संगणकात हे कार्ड बसवून त्याचे खेळयंत्र करण्याची जी पद्धत पुढे रूढ झाली, तिचे मूळ या कार्डात आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

काटकसरीचा दुसरा मार्ग स्मृतीशी निगडित आहे. चिपबाहेरील स्मृतीतून माहिती आणण्यास चिपमध्येच असलेल्या लहान स्मृतीतून ती घेण्यापेक्षा कितीतरी अधिक ऊर्जा लागते. म्हणून एएमडी कंपनीने २०२० च्या पिढीपासून व एनव्हिडियाने २०२२ च्या पिढीपासून अंतर्गत स्मृती मोठ्या प्रमाणात वाढविली. उदा., आरटीएक्स ३०६० मध्ये दुसऱ्या पातळीची अंतर्गत स्मृती ३ मेगॅबाइट होती, तर आरटीएक्स ४०६० मध्ये ती २४ मेगॅबाइट आहे.

निर्देशित शक्तिव्यय व प्रत्यक्ष व्यय : कार्डाच्या वेष्टनावर किंवा माहितीपत्रकात दिलेला वॉटचा आकडा ही पूर्ण भार असतानाची मर्यादा असते. तो सरासरी खर्च नव्हे. खेळाची मागणी कमी असल्यास किंवा मध्यवर्ती प्रक्रियक मागे पडत असल्यास कार्ड त्या मर्यादेच्या बरेच खाली चालते. उलटपक्षी एका सेकंदाच्या सहस्रांशात मोजल्या जाणाऱ्या अल्पकाळात ते या मर्यादेच्या दीडपट वा दुप्पटही शक्ती ओढू शकते. या क्षणिक उसळ्यांमुळे सरासरीच्या हिशेबाने पुरेशी वाटणारी एसएमपीएस अचानक बंद पडते व संगणक पुन्हा सुरू होतो. कार्ड सदोष असल्याची तक्रार घेऊन दुकानात आलेल्या ग्राहकाच्या अडचणीचे मूळ अशा वेळी एसएमपीएसमध्ये असते. २०२२ मधील एटीएक्स ३·० या मानकात अशा उसळ्या सहन करण्याची अट प्रथमच स्पष्टपणे घालण्यात आली.

पूर्ण भाराइतकाच निष्क्रिय अवस्थेतील व्ययही पाहिला पाहिजे. किंबहुना बहुसंख्य घरांत तोच अधिक महत्त्वाचा असतो. दिवसातून दोन तास खेळ व आठ तास लेखन-वाचन होणाऱ्या संगणकात कार्डाचा बराच काळ स्वस्थ बसण्यातच जातो. अलीकडची बहुतेक कार्डे अशा वेळी १० ते २० वॉटपेक्षा अधिक घेत नाहीत. पण याला अपवाद आहेत. इंटेलच्या २०२२ मधील आर्क मालिकेतील मोठी कार्डे मदरबोर्डावरील काही विशिष्ट ऊर्जाबचतीच्या सोयी चालू केल्याशिवाय निष्क्रिय अवस्थेतही तीस-चाळीस वॉट घेत. भिन्न ताजेपणाच्या दराचे (दर सेकंदास प्रतिमा जितक्या वेळा नव्याने उमटविली जाते त्या संख्येचे) दोन मॉनिटर एकाच कार्डास जोडल्यास स्मृतीची कंप्रता खाली येऊ शकत नाही व निष्क्रिय व्यय वाढतो. एएमडीच्या २०२२ अखेरच्या वरच्या श्रेणीतील कार्डांत हा दोष आरंभी ठळकपणे दिसला होता. तो पुढे ड्रायव्हरमधील दुरुस्त्यांनी बराच कमी झाला. दोन्ही मॉनिटरांचा दर सारखा ठेवणे हा यावर बिनखर्चाचा उपाय आहे.

पिढ्यांची तुलना : समान वेगाच्या दोन कार्डांचा शक्तिव्यय ताडून पाहिल्यास प्रगतीची कल्पना येते. २०१४ मधील जीटीएक्स ९८० चा निर्देशित व्यय १६५ वॉट होता. २०१६ मधील जीटीएक्स १०६० ने जवळजवळ तोच वेग १२० वॉटमध्ये दिला. २०२० मधील आरटीएक्स ३०८० ला ३२० वॉट लागत, तर २०२३ मधील आरटीएक्स ४०७० तेवढेच काम २०० वॉटमध्ये करते. मात्र प्रत्येक पिढीत एवढी उडी असतेच असे नाही. २०२५ मधील आरटीएक्स ५०६० चा निर्देशित व्यय १४५ वॉट असून तो आधीच्या ४०६० च्या ११५ वॉटपेक्षा अधिक आहे. वेगवाढीचा काही भाग वाढीव शक्ती देऊनच मिळविलेला आहे. तेव्हा नवे ते काटकसरीचे हे गृहीत धरून चालत नाही.

मध्यम किंमतीच्या कार्डांपैकी आरटीएक्स ३०६० व ४०६० यांची तुलना विशेष बोधप्रद आहे. २०२१ मधील ३०६० चा व्यय १७० वॉट असून त्यावर १२ गिगॅबाइट स्मृती आहे. २०२३ मधील ४०६० चा व्यय ११५ वॉट व स्मृती ८ गिगॅबाइट आहे. नव्या कार्डात गणनाकेंद्रांची संख्या ३,५८४ वरून ३,०७२ पर्यंत घटविलेली असूनही अधिक सूक्ष्म प्रक्रियेमुळे त्यांची कंप्रता बरीच वाढविता आली व एकंदर वेग वाढला. स्मृतीचा मार्ग मात्र १९२ बिटांवरून १२८ बिटांवर व माहितीवहनाचा वेग सेकंदास ३६० गिगॅबाइटवरून २७२ गिगॅबाइटवर आला. वाढीव अंतर्गत स्मृतीमुळे ही उणीव साधारण पडद्यावर जाणवत नाही. परंतु मोठ्या आकारमानाच्या पोतचित्रांचे खेळ, त्रिमितीय चित्रांचे अंतिम रेखाटन किंवा भाषिक प्रतिमाने चालविणे यांसारख्या कामांत ८ गिगॅबाइट स्मृती भरून जाते. ती भरली की कार्ड संगणकाच्या मुख्य स्मृतीतून माहिती ओढू लागते आणि वेग निम्म्याहूनही खाली जाऊ शकतो. अशा कामांसाठी जुने ३०६० हेच अधिक उपयुक्त ठरते. दर वॉटमागे मिळणारा वेग हे माप उपयुक्त असले, तरी काम स्मृतीत मावत नसेल, तर त्याला काहीच अर्थ उरत नाही.

जुन्या संगणकातील बदल : कार्यालयांतून बाहेर पडलेल्या नामांकित कंपन्यांच्या संगणकांत २४० ते ३०० वॉटची, बहुधा त्या कंपनीच्याच खास आकाराची व जोडणीची एसएमपीएस असते. ती बदलून बाजारातील नेहमीची बसविता येत नाही आणि तिच्यात कार्डासाठी सहा वा आठ पिनांची तार बहुधा नसते. अशा यंत्रात केवळ स्लॉटमधून मिळणाऱ्या शक्तीवर चालणारे कार्डच बसवावे. २०१९ मधील जीटीएक्स १६५० (७५ वॉट), २०२२ मधील आरएक्स ६४०० (५३ वॉट) आणि २०२४ मधील आरटीएक्स ३०५० ची ६ गिगॅबाइटची आवृत्ती (७० वॉट) ही या वर्गातील परिचित कार्डे होत. पेटी अरुंद असल्यास कमी उंचीची आवृत्ती घ्यावी लागते.

या वर्गात नावांचा घोटाळा फार आहे. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाखाली ८ गिगॅबाइटचे १३० वॉट घेणारे व ६ गिगॅबाइटचे ७० वॉट घेणारे अशी दोन भिन्न कार्डे विकली गेली. त्यांच्या गणनाकेंद्रांची संख्याही वेगळी आहे. जीटीएक्स १६५० ची काही उत्पादकांनी बनविलेली कार्डे कंप्रता वाढविल्यामुळे सहा पिनांची तार मागतात. तेव्हा चिपचे नाव वाचून न थांबता त्या विशिष्ट कार्डाच्या कडेला जोडणीची खाच आहे की नाही, हे प्रत्यक्ष पाहणे आवश्यक असते.

आरएक्स ६४०० हे सर्वांत कमी वीज घेणारे कार्ड जुन्या यंत्रांसाठीच आहे असे वाटते; पण नेमके तेथेच ते फसते. मदरबोर्डाशी माहितीची देवाणघेवाण करण्यासाठी त्याला चारच मार्गिका आहेत. चौथ्या पिढीच्या स्लॉटवर त्या पुरतात. तिसऱ्या पिढीच्या स्लॉटवर त्यांतून सेकंदास सु. ४ गिगॅबाइट एवढीच माहिती जाते. स्मृतीही ४ गिगॅबाइटच असल्याने ती वारंवार भरते व अरुंद मार्गावर गर्दी होते. शिवाय चलत्‌चित्राचे संकेतन करणारे मंडल या चिपमध्ये नाही. त्यामुळे पडद्याचे ध्वनिचित्रमुद्रण करणाऱ्यास ते निरुपयोगी ठरते. आठ मार्गिकांच्या कार्डांना जुन्या स्लॉटवर असा त्रास होतो खरा, पण त्याचे प्रमाण पुष्कळ कमी असते.

जुना मध्यवर्ती प्रक्रियक हीदेखील एक मर्यादा आहे. चार केंद्रांच्या दहा वर्षांपूर्वीच्या प्रक्रियकाबरोबर वरच्या श्रेणीचे कार्ड बसविल्यास ते प्रक्रियकाची वाट पाहत राहते. पडद्याची विभेदनक्षमता (चित्रबिंदूंची संख्या) १,९२० × १,०८० असेल, तर ही तूट अधिकच दिसते. अशा यंत्रात कार्ड एका पायरीने खालचे घेऊन वाचलेले पैसे मुख्य स्मृतीवर खर्च करणे केव्हाही श्रेयस्कर.

जोडणीतील धोके : शक्तीच्या तारांबाबत केलेली हयगय महागात पडते. हार्ड डिस्कसाठी असलेल्या साटा जोडणीतून सहा वा आठ पिनांची जोडणी तयार करणारे स्वस्त अडॅप्टर बाजारात मिळतात. साटा जोडणीच्या १२ व्होल्टच्या पिनांतून एकूण ४·५ अँपिअर म्हणजे ५४ वॉट एवढाच प्रवाह अपेक्षित असतो. तेथून १५० वॉट ओढल्यास प्लॅस्टिक वितळून आग लागण्याचा संभव असतो. असे अडॅप्टर वापरूच नयेत. एकाच तारेच्या शेवटी दोन आठ-पिनी टोके असतील, तर मोठ्या कार्डास ती दोन्ही न जोडता एसएमपीएसमधून दोन स्वतंत्र तारा घ्याव्यात.

स्लॉटच्या मर्यादेचे उल्लंघन हाही एकेकाळी चर्चेचा विषय झाला होता. जून २०१६ मध्ये आलेल्या एएमडीच्या आरएक्स ४८० या १५० वॉटच्या कार्डाला सहा पिनांची एकच जोडणी दिलेली होती. स्लॉट व तार मिळून १५० वॉट होत असल्याने कागदावर हिशेब जुळत होता. पण मोजमापांत कार्ड स्लॉटमधून ७५ वॉटपेक्षा अधिक शक्ती ओढत असल्याचे आढळले. पुढच्याच महिन्यात ड्रायव्हरमध्ये दुरुस्ती करून भाराची वाटणी बदलण्यात आली. ऑक्टोबर २०२२ मध्ये ४५० वॉटचे आरटीएक्स ४०९० बाजारात आल्यावर सोळा पिनांची जोडणी वितळल्याच्या तक्रारी आल्या. जोडणी पूर्णपणे आत न बसणे हे त्यामागील एक कारण असल्याचे दिसून आले व नंतर पिनांची लांबी बदलून जोडणीची सुधारित आवृत्ती काढण्यात आली. १२ व्होल्टला ४५० वॉट म्हणजे ३७·५ अँपिअर प्रवाह होतो. एवढा प्रवाह बारीक पिनांतून जात असताना संपर्कातील किंचित रोधही पुष्कळ उष्णता निर्माण करतो. शंभर-दीडशे वॉटच्या कार्डात हा प्रश्न उद्‌भवत नाही. कमी शक्तिव्ययाचा हा एक अबोल फायदा आहे.

विजेचा हिशेब : १,००० वॉट शक्ती एक तास वापरली असता एक युनिट होते. १७० वॉटच्या कार्डाऐवजी ११५ वॉटचे कार्ड रोज तीन तास पूर्ण भाराने चालविल्यास वर्षाला सु. ६० युनिटे वाचतात. एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ ते ९० टक्के धरल्यास भिंतीवरील खटक्यापाशी ही बचत ६७ ते ७१ युनिटे होईल. दर युनिटला १० रुपये धरले, तर वर्षाची बचत सातशे रुपयांच्या आसपास राहते. कार्डाची किंमत ३०,००० रुपये धरल्यास ती केवळ विजेच्या बचतीतून वसूल होण्यास चाळीस वर्षांहून अधिक काळ लागेल. चांगले चालणारे कार्ड केवळ वीज वाचावी म्हणून बदलणे हा त्यामुळे शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार होय. महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर वापराच्या टप्प्यांनुसार चढत जातात. मासिक वापर १०० किंवा ३०० युनिटांच्या सीमेवर असलेल्या कुटुंबाला वाचलेल्या युनिटांची किंमत सरासरी दरापेक्षा अधिक मिळते, ही गोष्ट खरी; पण तेवढ्याने निष्कर्ष बदलत नाही.

सतत चालणाऱ्या यंत्रांचा हिशेब मात्र निराळा असतो. त्रिमितीय चित्रपटांचे रेखाटन करणाऱ्या स्टुडिओत एका कार्डामागे १५० वॉट वाचले व ते अहोरात्र चालले, तर वर्षाला १,३१४ युनिटे वाचतात. शिवाय ती उष्णता खोलीबाहेर टाकण्यासाठी वातानुकूलकाला लागणारी वीज वेगळीच. येथे दोन-तीन वर्षांत किंमत वसूल होणे अशक्य नाही.

घरगुती वापरात कमी शक्तिव्ययाचे खरे मोल अन्यत्र आहे. जुनी एसएमपीएस तशीच चालू शकते, हा पहिला लाभ. दुसरा लाभ वीज खंडित होणाऱ्या गावांत कळतो. ६०० व्होल्ट-अँपिअरचे नेहमीचे यूपीएस सु. ३६० वॉटपर्यंतच भार पेलते. ३२० वॉटचे कार्ड पूर्ण भारात असताना वीज गेल्यास असे यूपीएस संगणकासह तत्काळ बंद पडते. ११५ वॉटच्या कार्डाबरोबर काम जतन करून संगणक बंद करण्यापुरता अवधी मिळतो. तिसरा लाभ उष्णतेचा. कार्डाने घेतलेली जवळजवळ सर्व शक्ती अखेर उष्णतारूपाने खोलीतच येते. ३०० वॉटचे कार्ड म्हणजे जुन्या पद्धतीच्या चार छतपंख्यांएवढा विजेचा खर्च, आणि तोही गारवा देण्याऐवजी खोली तापविणारा. हीट सिंकचे कार्य चिप व हवा यांच्या तापमानांतील फरकावर चालते. म्हणून खोलीचे तापमान जितक्या अंशांनी चढते साधारणतः तितक्याच अंशांनी चिपचेही चढते. चंद्रपूर, अकोला किंवा नागपूर येथे मे महिन्यात पारा ४५° से. पर्यंत जातो. थंड प्रदेशातील २२° से. तापमानाच्या खोलीत घेतलेल्या चाचण्यांचे आकडे तेथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. अशा ठिकाणी कार्ड कंप्रता आपोआप कमी करून स्वतःचा बचाव करते व विकत घेतलेला वेग ऐन उन्हाळ्यात हाती लागत नाही.

असलेल्या कार्डाचा व्यय घटविणे : नवे कार्ड घेण्यापूर्वी जुन्याच कार्डाचा शक्तिव्यय कमी करून पाहणे इष्ट असते. उत्पादक आपले कार्ड प्रतिस्पर्ध्याच्या पुढे दिसावे म्हणून त्याची कंप्रता वक्ररेषेच्या अशा टोकाला नेऊन ठेवतात, की जेथे थोड्या वेगासाठी पुष्कळ शक्ती खर्च होते. ड्रायव्हरबरोबरच्या किंवा वेगळ्या मिळणाऱ्या साधनाने कमाल शक्तीची मर्यादा २० टक्क्यांनी खाली आणल्यास बहुतेक मोठ्या कार्डांत वेगातील घट त्याहून बरीच कमी असते. दाब कमी करण्याची रीत अधिक परिणामकारक असली, तरी प्रत्येक चिपची सहनशीलता भिन्न असल्याने टप्प्याटप्प्याने चाचणी घ्यावी लागते. तिसरा उपाय सर्वांत सोपा आहे. मॉनिटर सेकंदास ६० प्रतिमा दाखवीत असेल, तर कार्डाने १४० प्रतिमा तयार करण्यात काहीच हशील नाही. खेळात प्रतिमांच्या संख्येवर मर्यादा घातल्यास जास्तीचे श्रम व त्यांवरील वीज दोन्ही वाचतात. हीट सिंकमधील धूळ काढणे व चिपवरील वाळलेले उष्णतावाहक मलम बदलणे यांमुळे तापमान उतरते व गळतीही थोडी घटते.

जुनी कार्डे : १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या कूटचलनाच्या जाळ्याने गणनेवर आधारित पडताळणीची पद्धत सोडून दिली. तोपर्यंत त्या कामी अहोरात्र राबणारी असंख्य कार्डे त्यानंतर जुन्या बाजारात आली. अशा कार्डांच्या चिपला फारशी इजा झालेली नसते. झीज होते ती पंख्यांच्या धारव्यांची व स्मृतीवरील उष्णतावाहक गाद्यांची. विशेषतः जीडीडीआर६एक्स प्रकारची स्मृती अतिशय तापते, म्हणून अशा कार्डाच्या स्मृतीचे तापमान पूर्ण भारात तपासल्याखेरीज व्यवहार करू नये. जुन्या वरच्या श्रेणीचे कार्ड स्वस्तात मिळते खरे, पण त्याबरोबर मोठी एसएमपीएस घ्यावी लागल्यास स्वस्ताई संपते. ड्रायव्हरचे आयुष्यही पाहिले पाहिजे. एनव्हिडियाने जीटीएक्स ९०० व १००० या मालिकांसाठी नव्या खेळांना अनुकूल असे ड्रायव्हर काढणे ऑक्टोबर २०२५ पासून थांबविण्याचे जाहीर केले. त्यानंतर त्यांना केवळ सुरक्षाविषयक दुरुस्त्या मिळावयाच्या आहेत. त्यामुळे जीटीएक्स १०५० टी-आय हे ७५ वॉटचे, एकेकाळी घरोघरी पोहोचलेले कार्ड आता विकत घेण्याजोगे राहिलेले नाही. ज्यांच्याजवळ ते आधीपासून आहे, त्यांनी ते साध्या कामांसाठी वापरीत राहण्यास मात्र अडचण नाही.

बदलून काढलेले कार्ड चालू स्थितीत असल्यास ज्या संगणकात अंतर्गत चित्रण मंडल नाही अशा यंत्रात त्याचा उपयोग होतो. बंद पडलेले कार्ड घरच्या कचऱ्यात टाकू नये. त्यावरील डाखकाम, तांबे व दुर्मिळ धातू परत मिळविण्याजोगे असतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडे पोहोचविण्याची व्यवस्था करण्यात आली आहे.